बेंबी झाका

हेल्मेट, सेफ्टी शूज आणि पोटाला बांधायची लाल लोकरीची पट्टी, अशा तीन वस्तू मला नोकरीच्या पहिल्या दिवशी मिळाल्या. पहिल्या दोन स्टोअरमधून सही करून घेतल्या. तिसरी आमच्या विभागातल्या जपानी इंजिनिअरसाहेबांनी स्वतः विणलेली होती.

"शर्टाच्या आतून बांधा," ते म्हणाले. "जून ते ऑगस्ट रोज. इतर महिन्यांत आभाळ बघून."

जून ते ऑगस्ट म्हणजे डार्मश्टाटचा ऐन उन्हाळा. मला वाटलं, असेल बाई जर्मनीच्या कामगार कायद्यात असलं काहीतरी. मी इमानदारीत दोन दिवस पट्टी बांधली आणि पोटावर घामोळं आलं. तिसऱ्या दिवशी कॅन्टीनमध्ये कळलं की आमच्या विभागात प्रत्येकाकडे अशी एकेक पट्टी आहे आणि प्रत्येकानं ती ड्रॉवरमध्ये ठेवली आहे. बांधणारे ते एकटेच.

आमचं काम विजा पाडायचं. आकाशातल्या नव्हेत, हॉलमधल्या. पवनचक्कीचं पातं, रेल्वेच्या तारांवरचे इन्सुलेटर, असलं काय काय आमच्याकडे तपासायला यायचं. चार मजली उंचीचा जनरेटर चार्ज व्हायचा, लाल दिवा लागायचा, भोंगा वाजायचा आणि मग अशी ठिणगी पडायची की काचेआड उभं राहूनही छातीत धक्का बसावा. वस्तू टिकली तर पास, फुटली तर नापास. या हॉलमध्ये त्यांनी तीस-पस्तीस वर्षं काढली होती. जपानहून आले ते दोन वर्षांसाठी. मीही दोन वर्षांसाठीच आले आहे, त्याला आता नऊ वर्षं झाली.

जर्मन सहकाऱ्यांनी त्यांना 'हेर डोनर' असं नाव ठेवलं होतं, म्हणजे गडगडाटसाहेब. आवाज मात्र इतका हळू की त्यांनी जेवताना मीठ मागितलं तर दोनदा विचारावं लागे. मला ते 'फ्राउ कोलेगिन' म्हणत, म्हणजे सहकारी बाई. आता असं कोणी म्हणत नाही. त्यांनी ते कुठल्यातरी जुन्या पाठ्यपुस्तकातून उचललं असावं आणि पुढची आवृत्ती विकत घेतली नसावी.

कंट्रोल डेस्कवर त्यांचा देव बसलेला असे. वीतभर उंचीचा, मातीचा, लालबुंद, सुळे बाहेर आलेले, पाठीमागे ढोलक्यांचं गोल कडं आणि दोन्ही हातांत टिपऱ्या. पहिल्यांदा बघितला तेव्हा मला वाटलं कोणाच्या पोराचं खेळणं राहिलं.

"रायजिन," त्यांनी ओळख करून दिली. "मेघगर्जनेचे देव. ते ढोल वाजवतात. आणि पोट उघडं टाकणाऱ्या मुलांच्या बेंब्या पळवतात."

"पळवून काय करतात?"

"खातात. आवडतात त्यांना."

चेहऱ्यावर हसण्याची रेघही नाही. तेव्हा कुठे मला त्या पट्टीचा उलगडा झाला.

आमच्या संस्थेत प्रत्येक वस्तूवर नंबराचं स्टिकर लागतं. खुर्ची असो, पाना असो, कॉफीचं मशीन असो. एका वर्षी यादी करायला आलेल्या माणसानं या देवाच्या पाठीवरही, बरोबर ढोलक्यांच्या मधोमध, स्टिकर चिकटवलं आणि यादीत लिहिलं: 'मोजमापाची साधने, इतर'. आम्ही पोट धरून हसलो. त्यांना मात्र मनापासून आनंद झाला. "आता यांना इथून कोणी हलवू शकत नाही," ते म्हणाले. "हलवायचं तर फॉर्म भरावा लागेल." जर्मनी त्यांना आमच्या सगळ्यांपेक्षा जास्त कळली होती.

आगीच्या सुरक्षिततेचा अधिकारी मात्र एवढा सोपा नव्हता. दर नव्या वर्षी हेर डोनर भाताच्या पेंढ्याची दोरी वळायचे, तिला विजेसारख्या नागमोडी कापलेल्या पांढऱ्या कागदाच्या पट्ट्या लावायचे आणि जनरेटरच्या कठड्याला बांधायचे. हाय व्होल्टेजच्या हॉलमध्ये पेंढा आणि कागद! त्या अधिकाऱ्याला घामच फुटला. तीन बैठका झाल्या. शेवटी दोरी हॉलबाहेर, कोट अडकवायच्या खुंटीवर गेली आणि त्या खुंटीवर पुन्हा कोणी कोट अडकवला नाही. तो अधिकारीसुद्धा नाही.

प्रत्येक चाचणीआधी ते टोपी काढत, दोनदा टाळी वाजवत, जनरेटरला कमरेतून वाकून नमस्कार करत आणि मग बटण दाबत. ठिणगी कधी ठरल्या जागी न पडता भलतीकडेच जाई. तरुण इंजिनिअर वैतागत. हे शांतपणे वहीत नोंद करत आणि म्हणत, "मी विजेला ओळखतो. वीज मला ओळखत नाही." हे वाक्य मी त्यांच्या तोंडून शंभरदा तरी ऐकलं असेल.

खरं सांगायचं तर हे सगळं माझ्या डोक्यात जायचं. मी वर्धा जिल्ह्यातल्या बौद्ध घरातली. आमच्याकडे देव्हारा नाही, नवस नाही, अंगारा नाही. बावीस प्रतिज्ञा मला पाढ्यांच्या आधी पाठ झाल्या. आईनं दहा माणसांत बोलायला शिकवलं ते हेच, की हात जोडायच्या आधी डोकं चालवावं. एक दिवस राहवलं नाही.

"तुम्ही एवढे मोठे इंजिनिअर, आणि मातीच्या बाहुल्यापुढे वाकता?"

त्यांना राग आला नाही. "तुमचा धर्म कोणता?"

"बौद्ध."

त्यांचा चेहरा उजळला. "खरंच? मीसुद्धा!"

"मग हे काय?"

"हेसुद्धा," ते म्हणाले. "आमच्याकडे लग्न या देवांपुढे, अंत्यविधी बुद्धापुढे. मधल्या काळात दोघं मिळून सांभाळून घेतात."

मी दोन दिवस धुमसत होते.

पण त्यांच्यावर फार काळ रागावता येत नसे, याला कारण होतं. मी रुजू झाले त्याच आठवड्यातली गोष्ट. पहिली ठिणगी पडते तेव्हा नवा माणूस हमखास दचकतो. कोणाच्या हातातली कॉफी सांडते, कोणी किंचाळतो. आजूबाजूचे त्याचीच वाट बघत असतात. मी दचकले नाही. मी ओठांतल्या ओठांत आकडे मोजत होते, लखलखाटापासून आवाजापर्यंत, लहानपणापासूनची सवय. ते कोणाच्या लक्षात आलं नाही, त्यांच्या आलं. नंतर कॉफीच्या मशीनपाशी त्यांनी मला एकच शब्द विचारला.

"कोण?"

जर्मनीत मी कोणालाही हे सांगितलं नव्हतं. मुलाखतीत 'हाय व्होल्टेजची पहिल्यापासून आवड' असं ठोकून दिलं होतं. पण त्या एका शब्दापुढे माझं काही चाललं नाही.

"मोठी बहीण," मी म्हटलं.

ते 'वाईट वाटलं' म्हणाले नाहीत. टोपी काढली आणि जनरेटरला वाकत तसे कमरेतून मला वाकले. कॉफीच्या मशीनसमोर. मला रडू आलं आणि बरंही वाटलं.

ताईचं इथेच सांगून टाकते. ती चौदाची होती, मी नऊची. दिवस ऑक्टोबरचे, सोयाबीन कापणीचे. ताई शेजारच्या गावातल्या शाळेतून शेताच्या धुऱ्यानं घरी येत होती. एकदम अंधारून आलं. आई अंगणवाडी सेविका. ती अंगणवाडीच्या दारात उभी होती आणि ताई समोरच्या शेतात दिसत होती. आई ओरडली, "निंबाखाली थांब! तिथंच उभी राह्य, भिजू नोको!" ताईनं ऐकलं. ताई सगळ्यांचंच ऐकायची. ती निंबाखाली थांबली आणि वीज निंबावर पडली.

त्यानंतर आईनं ताईचं नाव तोंडातून काढलं नाही. भिंतीवरचा फोटो रोज पुसायची, त्याला ओवाळल्यासारखी बघत राहायची, पण नाव नाही. आम्हीही मग घेईनासे झालो. आभाळ गडगडलं की ती आतल्या खोलीत ट्रंकेजवळ कान दाबून बसायची. अंगणवाडीत असली तर एकाही मुलाला उंबऱ्याबाहेर सोडायची नाही. आईबाप आले तरी त्यांच्याशी भांडायची. तीस वर्षं असंच चाललं. मी विजेचा अभ्यास केला, नोकरी धरली, देश सोडला. तिला मात्र मी त्या दारातून हलवू शकले नाही.

हेर डोनरांचं शहराबाहेर भाड्याचा बागेचा छोटा तुकडा होता. जर्मन लोक तिथे गुलाब लावतात, टोमॅटो लावतात. यांनी सिमेंट कालवायच्या काळ्या टबांत चिखल करून भात लावला होता. बागांच्या मंडळाची पत्रं येत: नियमावलीत पाणथळ शेती बसत नाही, डास होतात. हे दर पत्राला उत्तर पाठवत आणि सोबत मूठभर तांदूळ. तिसऱ्या वर्षी पत्रं थांबली. मी एकदा विचारलं, या थंड देशात भात पिकतो तरी का? "गडगडाट झाला तर पिकतो," ते म्हणाले. त्यांच्या गावात शेतात वीज पडली की लोक त्या जागेभोवती हिरवे बांबू रोवून दोरी बांधतात. विजेनं दाणा भरतो असं म्हणतात. आमच्या गावात त्या निंबाची जागा अजून पडीक आहे. गुरंसुद्धा तिकडे नेत नाहीत.

माझ्या नोकरीच्या दुसऱ्या वर्षी मे महिन्यात आई आमच्याकडे आली आणि तेव्हाच तो बुद्ध पौर्णिमेचा घोटाळा झाला.

आपल्याकडची बौद्ध मंडळी या भागात बरीच आहेत. कोणी आयटीत, कोणी औषधाच्या कंपनीत, कोणी संशोधनात. दरवर्षी जंगलाच्या कडेची एक ग्रिलची झोपडी भाड्यानं घेऊन आम्ही बुद्ध पौर्णिमा करतो. मंडळाचे अध्यक्ष बॉबलिंगेनहून येतात. त्यांना कुठूनसं कळलं की माझ्या ऑफिसात जपानी बौद्ध आहेत. लगेच फोन आला.

"मॅडम, प्रमुख पाहुणे ठरले! जपानी बौद्ध! धम्मावर वीस मिनिटं बोलायला सांगा."

"सर, ते जरा वेगळे आहेत."

"अहो, बौद्ध म्हणजे बौद्ध. वेगळं काय असणार?"

मीही मग फार ताणलं नाही. खरं म्हणजे मला गंमत बघायची होती.

त्या रविवारी ते काळा सूट घालून आले. बुद्धमूर्तीपुढे इतक्या सुंदर रीतीनं वाकले की अध्यक्षांनी माझ्याकडे 'बघा' अशा नजरेनं पाहिलं. मग त्यांनी खिशातून फडक्यात गुंडाळलेलं काहीतरी काढलं, उलगडलं आणि मूर्तीशेजारी ठेवलं. लालबुंद, सुळे, ढोलक्या, पाठीवर स्टिकर.

"मॅडम," अध्यक्ष माझ्या कानाशी आले, "हे काय आहे?"

"मेघगर्जनेचा देव."

"देव? आपल्या व्यासपीठावर? अहो, काढायला सांगा! ग्रुपवर फोटो गेले तर माझं काय होईल?"

मी कसंबसं भाषांतर केलं. हेर डोनरांनी देवाला पुन्हा फडक्यात घेतलं. "हरकत नाही," ते म्हणाले, "तसे ते बाहेरच असतात." आणि वीस मिनिटांच्या भाषणाऐवजी 'सर्वांचं कल्याण होवो' एवढं म्हणून खाली बसले. अध्यक्षांचा चेहरा बघण्यासारखा झाला होता.

जेवणं चालू होती तेव्हाच पश्चिमेकडून आभाळ भरून आलं. झोपडी म्हणजे चार खांबांवरचं छप्पर, चारी बाजूंनी उघडी. पहिला गडगडाट झाला आणि पावसाचे टपोरे थेंब पडायला लागले. बायका सतरंज्या, डबे उचलून पळाल्या, आणि पळाल्या कुठे, तर जवळच्या मोठ्या ओकखाली. मुलंही तिकडेच निघाली. मी आधी आईकडे वळले. ती माझ्या शेजारी दोन्ही कान दाबून उभी होती.

तेव्हा मीठ मागतानाही ज्याचा आवाज ऐकू येत नसे तो माणूस बेंबीच्या देठापासून ओरडला, आणि ओरडला तेही बेंबीच्याच नावानं.

"बाउखनाबेल! बाउखनाबेल!"

मोठ्यांपैकी कोणालाच काही कळेना. पण जर्मनीत वाढलेली आमची पोरं, जी मराठीत विचारलं तरी जर्मनमध्ये उत्तर देतात, त्यांना पक्कं कळलं. बेंबी! काळ्या सुटातले आजोबा स्वतःच्या पोटावर दोन्ही हात दाबून, पाय जुळवून, उघड्यावर उकिडवे बसले होते आणि "वीज बेंबी खाते" असं ओरडत होते. पोरं खिदळत जागच्या जागी तशीच बसली. पोरं का थांबली म्हणून आयाही ओकखालून बाहेर आल्या. मग हेर डोनरांनी एकेकाला हाताला धरून गाड्यांकडे पिटाळलं. "आत बसा, काचा वर, कशाला टेकू नका." पाच मिनिटांत सगळे गाड्यांमध्ये होते. अध्यक्षसुद्धा पोटावर हात धरून पळाले, हे मी माझ्या डोळ्यांनी पाहिलं.

ओकवर वीज पडली का? नाही. ती लांब कुठेतरी पडली. पण ते आधी कोणाला ठाऊक होतं?

आई मात्र जागची हलली नव्हती. त्यांनी तिला हाताला धरून स्वतःच्या जुन्या गाडीत पुढच्या सीटवर बसवलं, मी मागे बसले. पाऊस टपावर बडवत होता. आई समोर बघत म्हणाली, "याले एक इचार. म्हणा, निंबाखाली नसती उभी राह्यली, तर वाचली असती का?"

तीस वर्षं आमच्या घरात हा प्रश्न होता आणि कोणीच तो विचारला नव्हता. मला उत्तर माहीत होतं. 'हो' म्हटलं तर आई मोडली असती, 'नाही' म्हटलं तर ते खोटं ठरलं असतं. मी घुटमळत भाषांतर केलं.

त्यांनी सांत्वन केलं नाही. खिशातून वही काढली आणि चाचणीआधी विचारतात तसे प्रश्न विचारायला लागले. झाड किती उंच होतं? आजूबाजूला आणखी झाडं होती? मुलगी बुंध्यापासून किती अंतरावर? जमीन ओली होती का? घर किती लांब? पहिल्या गडगडाटानंतर किती वेळानं पडली? आणि आई उत्तरं देत गेली. निंब दोन माणसांच्या कवेत न मावणारा. पोरीनं दप्तर डोक्यावर धरलं होतं. पायात चप्पल होती, एकीचा अंगठा तुटलेला. तिनं हात हलवून दाखवला, आई, थांबते म्हणून. ही चप्पल आणि हा हात मला माहीतच नव्हते. मी भाषांतर करत होते आणि पहिल्यांदाच तो दिवस ऐकत होते.

त्यांनी वही मिटली. "झाडाखाली थांबणं चूक होतं," ते म्हणाले. मी तसंच सांगितलं. "उघड्या रानात चालत राहिली असती तरी तिच्यावर पडू शकली असती. वाचली असती का, ते मला माहीत नाही. मी विजेला ओळखतो, वीज मला ओळखत नाही." मग त्यांनी विचारलं, "झाडाखाली थांबावं हे तुम्हाला कोणी शिकवलं?"

"माह्या मायनं."

"आणि त्यांना?"

"तिच्या मायनं असंन."

"ते चूक आहे, हे तुम्हाला कोणी सांगितलं होतं?"

आईनं मान हलवली. "पोरगी गेल्यावर पेपरात वाचलं."

"म्हणजे चूक फार जुनी आहे. ती तुमची नाही," ते म्हणाले. "माझी आजी म्हणायची, गडगडलं की बेंबी झाक, नाहीतर देव नेईल. आम्ही हसायचो. पुढे इंजिनिअर झालो तेव्हा कळलं, बेंबी झाकायची तर माणूस वाकतो, बुटका होतो, खाली बसतो. आजीला विजेतलं काही कळत नव्हतं. पण तिच्यामागे कोणीतरी एक बाई असणार, जिनं काहीतरी बघितलं होतं आणि ती गप्प बसली नव्हती."

मी भाषांतर केलं, शेवटचं वाक्य दोनदा. पाऊस थांबल्यावर आईनं स्वतः दार उघडलं, खाली उतरली आणि ओल्या गवतात उभी राहिली. दूर अजून गडगडत होतं.

गावी परत जाताना तिनं त्यांच्यासाठी तिळाची चटणी ठेवली. "त्या जपानी भाऊले सांग," ती म्हणाली, "तुह्या देवाले मी मानत नाही. बाकी तू माणूस बरा हायेस."

पुढच्या ऑक्टोबरमध्ये भाचीनं गावाहून व्हिडिओ पाठवला. तोवर ते निवृत्त झाले होते, म्हणून मी फोन घेऊन त्यांच्या बागेत गेले. ते टबांतला भात विळ्यानं कापत होते. यंदा गडगडाट भरपूर झाला, दाणा चांगला भरला, असं त्यांनी मला आधी सविस्तर सांगितलं. मग हात पुसून व्हिडिओ बघितला.

अंगणवाडीचं अंगण. निवृत्त होऊन वर्षं झाली तरी आई तिथे उभी आहे, कमरेला पदर खोचलेला. समोर वीस-पंचवीस मुलं. आई विचारते, "आभाळ गडगडलं तर?" मुलं ओरडतात, "पक्क्या घरात!" "घर नसंन तर? झाडाखाली जाचं का?" "नाही!" "मंग काय कराचं?" आणि सगळी मुलं पाय जुळवून उकिडवी बसतात, पोटावर हात घेतात आणि एका सुरात ओरडतात, "बेंबी झाका!" आईसुद्धा त्यांच्यासोबत बसते, गुडघे दुखत असताना.

शेवटी एक लहानशी मुलगी तिच्या पदराला धरून विचारते, "आजी, हे तुले कोनं शिकवलं?"

मला वाटलं आता जपानी भाऊचं नाव निघणार. आई त्या मुलीच्या डोक्यावरून हात फिरवून म्हणते, "माह्या सुजातानं."

व्हिडिओ तिथे संपतो. त्यांनी मला भाषांतर विचारलं. मी सगळं सांगितलं, सुजाता कोण तेही. तीस वर्षांनी ते नाव मी मोठ्यानं उच्चारलं आणि ते तोंडात अगदी ओळखीचं लागलं.

"माझं नाव नाही घेतलं ना?" त्यांनी विचारलं.

"नाही."

"गेनाऊ," म्हणजे अगदी बरोबर, असं ते समाधानानं म्हणाले. मग विळा खाली ठेवला, टोपी काढली, दोनदा टाळी वाजवली आणि माझ्या हातातल्या फोनला कमरेतून वाकून नमस्कार केला. आणि मी, बावीस प्रतिज्ञा पाठ असलेली, त्यांच्या शेजारी उभी राहून वाकले.